मोटारीचा आरसा आणि लोकमत



मोटारीच्या दोन्ही दारांपुढे कानांसारखे बाहेर आलेले जे दोन आरसे असतात, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कुणी धक्का मारून ते मोडले, म्हणजेच त्यांची आठवण होते. परंतु गेल्या काही वर्षांत जगातील काही देशांत हे आरसे मोटारीवरून उतरू लागले आहेत. त्यांच्या जागी बोटाएवढ्या दांड्यावर एक लहानसा कॅमेरा बसवितात आणि त्याने टिपलेले मागचे दृश्य आत चालकासमोरच्या पडद्यावर दाखवितात. काच नाही, आरसा नाही, केवळ चित्र. हे अधिक सुरक्षित की कमी सुरक्षित, यावर तेथे बराच वाद चालला आहे. वरवर पाहता हा प्रश्न यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु रस्ता हा सर्वांचा असल्यामुळे त्यावरील यंत्राविषयी मत देण्याचा अधिकारही सर्वांचा आहे. तेव्हा या बाबतीत लोकमत काय आहे, ते कोणी घेतले आणि कोणाचे घ्यावयाचे राहून गेले, याविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम थोडी हकीकत सांगितली पाहिजे. वाहनांच्या आरशांसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्याचा क्रमांक ४६. हा नियम २०१६ साली बदलण्यात आला आणि आरशांऐवजी कॅमेरा व पडदा वापरण्यास वाट मोकळी झाली. जपानने त्याच वर्षी आपल्या देशात तशी परवानगी दिली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात तेथे लेक्सस कंपनीची एक मोटार अशा कॅमेऱ्यांसह विक्रीस आली. त्याच सुमारास जर्मनीच्या ऑडी कंपनीने आपल्या विजेवर चालणाऱ्या मोटारीत ही सोय दिली. मर्सिडीज कंपनीने तर आपल्या मोठ्या मालमोटारींचे भले थोरले आरसे काढून त्या जागी कॅमेरे बसविले. २०२० साली होंडा कंपनीची जी छोटी विद्युत मोटार आली, तिच्यावर बाजूचे आरसे मुळी नव्हतेच. ती मोटार आता तयार होत नाही. पण कॅमेऱ्याची कल्पना तिच्याबरोबर संपली नाही.

अमेरिकेने मात्र निराळा मार्ग धरला. तेथील मोटार उत्पादकांच्या संघाने आणि टेस्ला कंपनीने २०१४ सालीच सरकारकडे अर्ज केला होता की, आरशांची सक्ती उठवावी. सरकारने घाई केली नाही. आपल्या संस्थेकडून चाचण्या करविल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात जाहीर सूचना काढून जनतेचे मत मागविले. मालमोटारींना काही प्रमाणात सवलत मिळाली. पण साध्या मोटारीवर बाजूचा आरसा तेथे अद्याप सक्तीचाच आहे.

नव्या साधनाला लोक नाके मुरडतातच, असे कुणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून खुद्द आरशाचाच इतिहास पाहण्यासारखा आहे. हा आरसा काही मोटारीबरोबर जन्मलेला नाही. १९०९ साली डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्लंडमधील एका धाडसी मोटारचालक बाईंनी स्त्रियांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिले; त्यात त्यांनी असा सल्ला दिला की, चालविणाऱ्या स्त्रीने एक हातआरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो उंचावून मागे काय आहे ते पाहावे. केस नीट करण्याच्या वस्तूचा असा उपयोग त्या काळी कुणाच्या ध्यानी आला नसेल. पुढे दोन वर्षांनी, १९११ साली, अमेरिकेत इंडियानापोलिस येथे पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळी शर्यतीच्या मोटारीत चालकाशेजारी एक यंत्रज्ञ बसत असे. मागून कोण येत आहे, हे वळून पाहून चालकाला सांगणे हे त्याचे एक काम. रे हॅरून नावाचा चालक मात्र एकट्यापुरती मोटार घेऊन आला. इतर स्पर्धकांनी हरकत घेतली की, मागे पाहणारा माणूस नाही, तेव्हा ही मोटार सर्वांनाच धोक्याची आहे. हॅरूनने मोटारीवर एक आरसा बसविला, हरकत मिटली, आणि शर्यतही तोच जिंकला. गंमत पुढेच आहे. विटांच्या त्या रस्त्यावर मोटार इतकी थरथरत होती की आरशात आपल्याला काही धड दिसलेच नाही, असे त्याने नंतर सांगितल्याचे प्रसिद्ध आहे! म्हणजे पहिल्याच प्रसंगी आरशाने लोकांची शंका दूर केली. काम केले की नाही, हा प्रश्न निराळा.

शर्यतीच्या मोटारीत चालकाशेजारी बसणारा तो यंत्रज्ञ पुढे तिकडे नाहीसा झाला. आपल्याकडे तो अगदी अलीकडेपर्यंत टिकून होता, आणि त्याचे नाव क्लीनर. मालमोटारीच्या डाव्या दारातून अर्धे अंग बाहेर काढून, पत्र्यावर थाप मारीत ‘येऊ द्या, येऊ द्या’, ‘बस, बस’ असे ओरडणारा तो पोरगेलासा इसम आठवा. चालकाला जी बाजू दिसत नाही, ती बाजू तो पाहत असे. एस. टी. मध्ये हेच काम कंडक्टरकडे असते. त्याच्या घंटेचा एक ठोका म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. आणि गाडी मागे घ्यावयाची झाली की शिट्टी तोंडात धरून तो स्वतः खाली उतरतो. आमच्याकडचा मागे पाहणारा कॅमेरा असा दोन डोळ्यांचा, दोन कानांचा आणि वेळप्रसंगी शिव्या देऊ शकणारा होता. खर्च वाचविण्यासाठी पुष्कळ मालमोटारींवर आता क्लीनर नसतो. त्याची जागा भरून काढावयास कोणते साधन आले, हे कुणी विचारीत नाही.

जे क्लीनरने पाहावयाचे, ते उरलेले काम कानांवर सोपविलेले होते. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे मालमोटारींच्या पाठीवर आपण सर्वांनी वाचली आहेत. त्यांचा सरळ अर्थ एवढाच की, बाबा रे, मला मागचे दिसत नाही. तू आवाज दे, म्हणजे मला कळेल. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली, कारण त्यांच्यामुळे भोंग्याचा उपद्रव वाढतो. मनाई योग्यच होती. परंतु ज्या गरजेतून ती अक्षरे आली, ती गरज मनाईने कशी नाहीशी होणार? आणि साध्या मोटारींचे म्हणाल तर, अलीकडील काळापर्यंत आपल्या स्वस्त मोटारींना आरसा फक्त उजवीकडे असे. डावीकडचा आरसा ही चैन समजली जाई. ज्याला हवा त्याने जादा पैसे भरून बसवावा. मोटारसायकलींवर कंपनीने दिलेले आरसे काढून ठेवणारी तरुण मुले तर रोज आपल्या डोळ्यांपुढून जातात. रिक्षातील आरशाविषयी मी काही बोलत नाही. त्यात रस्ता दिसतो की मागे बसलेले गिऱ्हाईक, हे रिक्षावाल्यालाच ठाऊक!

अशा देशात कॅमेऱ्याच्या आरशावर चर्चा करणे म्हणजे जेवणाआधी विड्याची चौकशी, असे वाटण्याचा संभव आहे. तरी ती आजच केली पाहिजे, असे माझे मत आहे. मोटारीतील नवे साधन आपल्याकडे यावयास आता पूर्वीसारखी वीस-वीस वर्षे लागत नाहीत. मागे जाताना अडथळ्याची सूचना देणारे यंत्र १ जुलै २०१९ पासून आपल्या नव्या मोटारींना सक्तीचे झाले. मागचा रस्ता दाखविणारा कॅमेरा आज मध्यम किमतीच्या मोटारींतही असतो. तेथून बाजूच्या आरशापर्यंतचे अंतर फार मोठे नाही.

आता कॅमेऱ्याच्या बाजूने जे बोलले जाते ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण त्यात तथ्य पुष्कळ आहे. आरशापेक्षा कॅमेऱ्याला अधिक रुंद पट्टा दिसू शकतो, त्यामुळे आरशाच्या कडेला जो आंधळा कोपरा राहतो तो लहान होतो. रात्री मागून येणाऱ्या मोटारीचा झोत आरशातून थेट डोळ्यांवर आदळतो. पडद्यावर तो मंद करता येतो. संधिप्रकाशात, म्हणजे आपल्या रस्त्यांवर जी वेळ विशेष वाईट त्या वेळी, कॅमेऱ्याचे चित्र आरशाहून चांगले दिसते असे अमेरिकेतील चाचणीतही आढळले. शिवाय मोटारीचे ते दोन कान गेल्यामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो आणि थोडे इंधन अथवा वीज वाचते. लांब पल्ल्याच्या मालमोटारीच्या मालकाला ही थोडीशी बचतही वर्षाकाठी जाणवेल. मालमोटारीचे आरसे उभ्या फळीएवढे असतात आणि वळताना तेच चालकाची नजर अडवितात; ते गेले म्हणजे समोरचा कोपरा मोकळा होतो, हा लाभही लहान नाही. जर्मनीच्या महामार्ग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असाच निष्कर्ष होता की, या पद्धतीने मागचे पुरेसे दाखविणे शक्य आहे. चालकाला सवय होण्यास काही काळ लागतो, पण तो फार नसतो.

मग विरोध कशासाठी? पुष्कळसा विरोध निव्वळ सवयीचा आहे आणि तो काळाबरोबर जाईल. परंतु काही आक्षेप सवयीपलीकडचे आहेत. सपाट आरशात वस्तू जितकी आपल्यामागे दूर असते, तितकीच दूर आरशाच्या आत भासते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. म्हणून समोरच्या रस्त्यावरील नजर आरशाकडे वळली तरी डोळ्याच्या भिंगाला विशेष श्रम पडत नाहीत. मोटारीचे बाजूचे आरसे बहुधा थोडे फुगीर असतात, त्यामुळे वस्तू लहान आणि म्हणून दूर दिसते. तेवढी खोट लक्षात ठेवावी लागते. पडद्याचे तसे नाही. पडदा हातभर अंतरावर असतो आणि त्यावरील चित्र त्या हातभर अंतरावरच असते, मग त्यातील मालमोटार शंभर मीटर दूर का असेना. चाळिशी लागलेल्या माणसाला, ज्याने वर्तमानपत्रासाठी चष्मा घेतला आहे आणि रस्त्यासाठी नाही, त्याला दर वेळी दूरची नजर जवळ आणि जवळची दूर करावी लागते. या वयाच्या श्रोत्यांना त्याचा अर्थ मी अधिक सांगावयास नको.

दुसरे असे की, आरशात नीट दिसले नाही तर चालक मान थोडी पुढे करतो आणि त्याला आणखी चार हात रस्ता दिसतो. पडद्यापुढे मान कितीही हलविली तरी चित्र तेच. तिसरी गोष्ट विलंबाची. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पडद्यावर उमटेपर्यंत काही क्षण जातात. आंतरराष्ट्रीय नियमाने हा विलंब २०० मिलिसेकंदांच्या आत असावा असे बंधन घातले आहे. दोनशे मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. मागून येणारी मोटार आपल्याहून ताशी ३६ किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर तेवढ्या अवधीत ती दोन मीटर जवळ आलेली असते. दोन मीटर म्हणजे फार नव्हे, असे म्हणता येईल. चाकाखाली येणाऱ्याला तसे म्हणता येणार नाही. अमेरिकेच्या चाचणीत याखेरीज असेही दिसून आले की, रात्री पडद्याचा उजेडच कधी इतका असतो की समोरच्या रस्त्यावरील वस्तू दिसण्यास अडथळा होतो, आणि मागच्या दिव्यांचा प्रकाश चित्रात फुगून पसरतो. ऑडीच्या मोटारीत तर पडदे दारात, आरशाच्या नेहमीच्या जागेहून खाली बसविलेले होते. नजर वर्षानुवर्षे जिथे जाते तिथे आता काहीच नाही, याबद्दल पुष्कळ चालकांनी कुरकुर केली.

आपल्याकडे चालकासमोरची फळी आधीच मोकळी नसते. कुणाचा मारुती तेथे असतो, कुणाचे साईबाबा, कुणी दर्ग्याचे चित्र लावतो. आमच्या समाजातील मंडळी प्रवाशांचा रक्षक म्हणून संत ख्रिस्तोफरची लहानशी मूर्ती ठेवतात. शेजारी भ्रमणध्वनीचा पडदा, त्यावर रस्त्याचा नकाशा. त्या दाटीत आणखी दोन पडदे यावयाचे आहेत.

चालकांच्या मताला किंमत आहे, हे मात्र या प्रकरणात एकदा दिसून आले, आणि ते सांगितलेच पाहिजे. मर्सिडीजच्या मालमोटारींवर पहिल्यांदा जे कॅमेरे बसविले, त्यांचे दांडे बरेच बाहेर आलेले होते. बाहेरचा कोन निराळा पडल्यामुळे दृश्य आरशातल्यासारखे वाटत नसे. २०२२ साली कंपनीने नवी रचना आणली. दोन्ही बाजूंचे दांडे प्रत्येकी दहा सेंटिमीटरने आखूड केले, म्हणजे मागचे दृश्य जुन्या आरशाशी अधिक मिळतेजुळते व्हावे. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नव्हे. पण हे एवढेसे अंतर प्रयोगशाळेत ध्यानात आले नव्हते. रोज गाडी हाकणाऱ्यांच्या वापरात ते खटकले.

येथवर जे लोकमत सांगितले, ते सर्व मोटारीच्या आत बसलेल्यांचे. चालकाला सोयीचे वाटते काय, मालकाला परवडते काय, उत्पादकाला जमते काय, हे सर्व विचारले गेले. मोटारीच्या बाहेर, तिच्या डाव्या अंगाला जो माणूस सायकलीवर, बैलगाडीवर किंवा पायी चाललेला असतो, त्याला कुणी विचारले, असे माझ्या वाचनात आले नाही. वास्तविक मागचा आरसा ज्याला वाचविण्यासाठी आहे तो हाच.

गुडिहत्नूरजवळच्या एका ढाब्यावर वणीकडच्या एका मालमोटार चालकाशी या विषयावर माझे बोलणे झाले. मोठे अनुभवी गृहस्थ. हातात चहाचा पेला, नजर उभ्या गाडीवर. मी त्यांना कॅमेऱ्याची कल्पना समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, मागचा माणूस मला कॅमेऱ्यात दिसंल, मान्य. पण त्याला मी कुठं दिसनार?’’ मला प्रथम त्यांच्या बोलण्याचा रोख कळला नाही. तेव्हा ते म्हणाले, ‘‘सायकलवाला पोरगा आरशात पाहतो. माझं तोंड त्याला दिसलं, की तो समजतो, डायवरनं मला पाहिलं. नाही दिसलं, तर तो मागंच थांबतो. हुशार पोरगं असलं तर.’’

प्रकाशशास्त्रातील एक साधा नियम या वाक्यात आहे. प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने तो उलटही येऊ शकतो. आरशात मला तुमचे डोळे दिसत असतील, तर तुम्हालाही माझे डोळे दिसले पाहिजेत. म्हणून आरसा हा दुतर्फी आहे. त्याच्यातून चालक मागे पाहतो आणि मागचा माणूस चालकाला पाहतो. दोघांत एक मुका करार होतो. कॅमेरा एकतर्फी आहे. त्याच्या भिंगात पाहून बाहेरच्याला काहीच कळत नाही. आतला माणूस पडद्याकडे पाहत आहे, की शेजाऱ्याशी बोलत आहे, की पडदा मुळी बंदच पडला आहे. आरसा फुटला तर तो सर्वांना फुटलेला दिसतो. कॅमेरा बिघडला तर ते फक्त आतल्याला कळते, आणि तेही त्याने पाहिले तर. आमच्या शाळेतील जी मुले महामार्गाच्या कडेने सायकलीवर येतात, त्यांना मी हेच शिकवीत आलो आहे की, मालमोटारीच्या डाव्या अंगाने पुढे घुसण्यापूर्वी आरशात चालकाचा चेहरा शोधा. चेहरा नाही, तर वाट नाही.

हा बाहेरचा माणूस संख्येने थोडा आहे, असेही नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लक्ष ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा ४४.५ आणि पादचारी शेकडा १९.५. या दोघांचीच बेरीज जवळजवळ दोन तृतीयांश होते. हे सर्व मृत्यू आरशाअभावी झाले असे मी मुळीच म्हणत नाही. वेग आहे, मद्य आहे, खड्डे आहेत, शिरस्त्राणाचा कंटाळा आहे. परंतु युरोपातील किंवा जपानमधील रस्त्यावर काढलेला निष्कर्ष जसाच्या तसा येथे उचलून आणू नये, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येईल.

आमच्या जिल्ह्याचाच रस्ता पाहा. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा महामार्ग क्रमांक ४४, ज्याला जुनी माणसे अजून सात नंबरचा रस्ता म्हणतात, तो पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रातून आदिलाबाद जिल्ह्यात उतरतो. पलीकडे पांढरकवडा, अलीकडे आदिलाबाद, पुढे गुडिहत्नूर, इच्छोडा आणि मग निर्मळची वाट. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हेदेखील याच जिल्ह्यात होते; राज्यांच्या सीमा बदलल्या, माणसांचे येणेजाणे बदलले नाही. देशाच्या उत्तरेचा माल दक्षिणेस नेणाऱ्या प्रचंड मालमोटारी या रस्त्याने रात्रंदिवस धावतात, आणि त्यांच्याच कडेने बेला-जैनथकडचा शेतकरी कापूस घेऊन आदिलाबादच्या बाजारात येतो. बैलगाड्या आता कमी झाल्या. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि छोटे टेंपो आले. पण कापसाने ती ट्रॉली अशी शिगोशीग भरलेली असते की ट्रॅक्टरवाल्याला मागचे काहीच दिसत नाही. त्याच्या आरशात फक्त कापूस. पौष अमावास्येला इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तेव्हा मेश्राम घराण्याचे गोंड बांधव अजूनही बैलगाड्या जुंपून येतात. त्या गाड्यांना मागे तांबडा दिवा कुठून असणार? डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे थंडी कडक पडते आणि कित्येक पहाटे धुके रस्त्यावर उतरते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मालमोटारीच्या चाकांनी उडून काचांवर बसतो. आरशावरचा चिखल फडक्याने पुसता येतो. क्लीनर नसला तर चालक खिडकीतून हात काढून पुसतो. दांड्याच्या टोकावरील भिंगापर्यंत हात पोचेल काय, आणि पोचला तरी त्या फडक्याने भिंगाचे काय होईल, हे विचारावयास हवे. आरसा फुटला तर आदिलाबादेत कोणत्याही टपरीवर काही शे रुपयांत दुसरा मिळतो आणि पंधरा मिनिटांत बसतो. कॅमेरा फुटला तर बहुधा हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागेल, आणि तेथे पोचेपर्यंतचा रस्ता चालक एका बाजूने आंधळा होऊन काटील. काटील म्हणजे काटीलच. माल भरलेली गाडी कुणी उभी ठेवीत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग आरसाही ठेवा आणि कॅमेराही ठेवा. मला ही सूचना मान्य आहे. उत्पादकांना ती रुचणार नाही, कारण आरसा राहिला तर वाऱ्याच्या विरोधाची बचत गेली. पण तेथेच खरा प्रश्न उघडा पडतो: हे साधन मुख्यतः सुरक्षिततेसाठी आणावयाचे आहे की इंधनाच्या बचतीसाठी? दोन्ही हेतू चांगले आहेत. एकाचे नाव पुढे करून दुसरा साधू नये, एवढेच.

लोकमत व्यक्त करण्याची सोय आपल्या कायद्यात आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २१२ प्रमाणे वाहनांविषयीचे नियम आधी मसुद्याच्या रूपाने प्रसिद्ध करावे लागतात. केंद्र सरकार तो मसुदा राजपत्रात छापते आणि हरकती व सूचना मागविते. त्यासाठी बहुधा तीस दिवसांची मुदत असते. राजपत्र इंग्रजीत आणि हिंदीत निघते. तामसीच्या किंवा बेल्याच्या माणसाच्या हाती ते मुदतीत पडण्याची शक्यता नाही. उत्पादकांची मंडळी मात्र पहिल्याच दिवशी ते वाचतात आणि विद्वान लोकांकडून उत्तर लिहवून घेतात. त्यात त्यांचा दोष नाही. ते आपले काम दक्षतेने करतात. परंतु तीस दिवसांनंतर सरकारपुढे जो कागदांचा गठ्ठा जमतो, त्यात सायकलस्वाराचा एकही कागद नसतो, आणि मग त्या गठ्ठ्यालाच लोकमत म्हटले जाते.

बाजूच्या आरशांऐवजी कॅमेरे चालावेत असा मसुदा उद्या आपल्या राजपत्रात आला, तर शिक्षकांनी, ग्रामपंचायतींनी, मालमोटार चालकांच्या संघटनांनी आणि बाजार समित्यांनी त्यावर मराठीत, तेलुगूत, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत लिहून पाठवावे, असे मला वाटते. पत्त्यासाठी अडण्याचे कारण नाही. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली, एवढे पुरे. मी स्वतः काय लिहीन, तेही सांगून टाकतो. कॅमेऱ्याला माझी हरकत नाही. परंतु डाव्या बाजूला काचेचा आरसा राहावा, कारण सायकलस्वार त्या बाजूला असतो. कॅमेरा किंवा पडदा बंद पडल्याची खूण आतल्याप्रमाणेच बाहेरच्यालाही दिसावी. लहानसा पिवळा दिवा दांड्याच्या टोकाला बसविणे मोटार कारखान्यांना अवघड नाही. आणि मंजुरीपूर्वीची चाचणी धुतलेल्या मोटारीवर, कोरड्या रस्त्यावर, दुपारी बारा वाजता घेऊ नये. ती जानेवारीच्या धुक्यात पहाटे पाच वाजता पैनगंगेच्या पुलावर घ्यावी, भिंगावर आठ दिवसांचा चिखल असू द्यावा, आणि मोटारीच्या मागून डाव्या बाजूने एक बिनदिव्याची सायकल आणि एक बैलगाडी चालवावी. चालकाला त्या कधी दिसल्या, हे घड्याळ लावून मोजावे. आणि सायकलवाल्याला वेगळे बाजूला घेऊन विचारावे की, चालकाने तुला पाहिले हे तुला कळले काय.